किडनी बसवलेल्या माणसाच्या हृदयाची झडप बदलताना

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. पतीचं वय ५४. २०१३ मध्ये ताईंनी स्वतःची किडनी त्यांना दिली. ती छान चालली आहे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी; बिघडली की आकडा चढतो) १.६ च्या आसपास असतं. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) रोज चालू आहे. डायलिसिसच्या काळातला डाव्या हातातला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा ऑपरेशननं केलेला जोड, अजून वाहतो. गेल्या सहा महिन्यांपासून त्यांना एक जिना चढला की दम लागतो. एकदा शेताच्या बांधावर उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. इकोमध्ये महाधमनीची झडप खूप आकसलेली दिसते: तोंड ०.७ चौरस सेंटिमीटर, सरासरी ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ५२. एक डॉक्टर म्हणतात, लगेच झडप बदला. दुसरे म्हणतात, किडनीला धक्का लागेल, जमेल तितकं पुढे ढकला. छाती न उघडता जांघेतून झडप बसवता येते, असंही त्यांच्या कानावर आलं आहे. आणि शेवटी ताई लिहितात, "मी दिलेली किडनी यात जाईल का, एवढंच सांगा."

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. ऑपरेशनमध्ये किडनीला धक्का बसू शकतो. क्रिएटिनिन चार-सहा दिवस वर जाणं तर आम्ही धरूनच चालतो. पण तुमच्या पतींसारखी इतकी वर्षं नीट चाललेली, १.६ क्रिएटिनिनची किडनी तयारीनिशी केलेल्या ऑपरेशनमध्ये कायमची गेली, असं क्वचितच होतं. मला जास्त भीती वाटते ती वाट पाहण्याची. गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी झडपांची ऑपरेशनं करतो आहे. किडनी बसवलेल्या रुग्णांच्या बाबतीत वाईट निकाल बहुतेक वेळा पाहिले ते उशिरा आलेल्यांचे, आणि त्यातले बरेच जण "किडनी जपायची" म्हणून थांबलेले होते.

हे असं का होतं ते सांगतो. महाधमनीच्या निरोगी झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतं. १ च्या खाली आलं की आम्ही आजार गंभीर धरतो. तुमच्याकडे ते ०.७ आहे. एवढ्याशा फटीतून सगळ्या शरीराचं रक्त ढकलायचं म्हणून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मग ताठर होतो आणि शेवटी थकतो. पुढे जाणारं रक्त कमी पडतं आणि मागे शिरांमधला दाब वाढतो. किडनी दोन्हीकडून सापडते. तिला मिळणारं रक्त घटतं, आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. पायाला सूज येते, पाण्याच्या गोळ्या वाढवल्या जातात, त्यानं क्रिएटिनिन आणखी चढतं. मग तोच चढलेला आकडा दाखवून ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं जातं. क्रिएटिनिन ३.२ झाल्यावर माझ्यासमोर आलेल्या माणसाची जुनी फाइल उघडली, की दीड वर्षापूर्वीच्या पानावर १.५ लिहिलेलं असतं. ते पान पाहताना फार वाईट वाटतं.

झडप उघडणारी गोळी नाही. लक्षणं सुरू झाल्यावर किती वेळ हातात असतो, याचा रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी हृदयतज्ज्ञांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशेब अजून शिकवला जातो. झडप बदलली नाही, तर छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी सुमारे पाच वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून तीन आणि हृदय थकून दम लागायला लागल्यापासून दोन. तुमच्या पतींना दम आणि अंधारी दोन्ही आहे. त्यामुळे "कधी करायचं" याचं माझं उत्तर आहे: तयारीला लागतील तेवढे आठवडे घ्या, त्यापेक्षा जास्त नाही. घाबरून उद्याच भरती व्हा असंही म्हणत नाही. या रुग्णांत तयारीनं फार फरक पडतो.

झडप इतक्या कमी वयात का कडक झाली, असं सगळे विचारतात. याचं मूळ बहुधा डायलिसिसच्या आणि त्याआधीच्या वर्षांत असतं. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात फॉस्फेट साठतं, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करतात, आणि हाडात राहायचं कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि झडपांवर बसू लागतं. नवी किडनी बसल्यावर हा वेग कमी होतो, पण बसलेला चुना विरघळत नाही. काही जणांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी किडनी बसल्यावरही शांत होत नाहीत, म्हणून ऑपरेशनआधी कॅल्शियम, फॉस्फेट आणि पीटीएच (या ग्रंथींचं संप्रेरक) मी आवर्जून बघतो. पन्नाशीतल्या माणसात जन्मतः दोनच पाकळ्यांची झडप असण्याची शक्यताही असते. ते इकोत तपासून घ्या. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाती तापानं बिघडलेल्या झडपाही कमी नाहीत, पण त्यात बहुतेक वेळा डाव्या कप्प्यातली मायट्रल झडप आधी खराब होते.

अशी झडप हातात घेतल्यावर काय दिसतं तेही सांगतो. साध्या म्हातारपणी कडक झालेल्या झडपेत पाकळ्यांवर खडे असतात. डायलिसिसमधून गेलेल्या माणसात चुना पाकळ्यांवरून खाली झडपेभोवतीच्या कड्यात, कधी शेजारच्या स्नायूपर्यंत उतरलेला असतो. चिमट्यानं तो तोडताना खडीसाखर दाताखाली फुटावी तसा कुरकुर आवाज येतो. एकेक कण सक्शननं उचलायचा, थंड सलाइननं आतला भाग धुवायचा, परत बघायचं, परत धुवायचं. राहिलेला बारीकसा कण मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. कड्यातला चुना जास्त ओरबाडला तर हृदयाची भिंत फाटू शकते. या दहा-पंधरा मिनिटांत थिएटरमध्ये कुणी बोलत नाही.

आता तयारीबद्दल, कारण खरी किडनी तिथेच वाचते.

पहिली गोष्ट फिस्टुला. वाहता फिस्टुला म्हणजे हृदयावरचं जास्तीचं ओझं. त्यातून दर मिनिटाला बरंच रक्त धमनीतून थेट शिरेत जातं. त्यामुळे झडपेतून जाणारा प्रवाह वाढतो आणि ग्रेडियंट प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. इको करणाऱ्या डॉक्टरांना फिस्टुला चालू असल्याचं सांगा. हवं तर काही क्षण तो बोटानं दाबून मोजमाप करता येतं. तोंडच ०.७ असल्यानं तुमच्या पतींच्या बाबतीत निर्णय बदलेल असं मला वाटत नाही, पण हा आकडा नीट असलेला बरा. फिस्टुला खूप मोठा असेल तर तो बंद करायचा का, हे किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. घाईनं बंद करू नका. आणि भरती झाल्यावर त्या हाताला सुई नाही, सलाइन नाही, बीपीचा पट्टा नाही. हे सिस्टरना प्रत्येक पाळीत सांगावं लागतं. पलंगाच्या डोक्याशी जाड अक्षरात लिहून लावा.

दुसरी गोष्ट अँजिओग्राफी. चाळिशीच्या पुढच्या माणसाची झडप बदलण्याआधी हृदयाच्या धमन्या बघाव्याच लागतात, नाहीतर झडप बदलायची आणि अडकलेली धमनी तशीच राहायची. पण त्यातलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, किडनीला जड जातं. त्यामुळे कॉन्ट्रास्ट कमीत कमी वापरायचं आणि आदल्या रात्रीपासून बेतानं सलाइन द्यायचं. बेतानं म्हणतो, कारण अशा झडपेच्या माणसाला भराभर सलाइन दिलं तर फुप्फुसात पाणी भरतं. अँजिओग्राफी आणि ऑपरेशन यांत काही दिवसांचं अंतर ठेवायचं आणि क्रिएटिनिन मूळ जागी आलं की मगच पुढे जायचं. एकाच भरतीत सोमवारी अँजिओ आणि बुधवारी ऑपरेशन हे सोयीचं वाटतं, पैसेही वाचतात, पण किडनी बसवलेल्या माणसात मी ते टाळतो. नळी कुठून घालायची यालाही अर्थ आहे. मनगटातली धमनी पुढे कधी फिस्टुलासाठी लागली तर हवी. बसवलेली किडनी बहुतेकांच्या उजव्या कुशीत असते आणि तिची धमनी तिथल्याच मोठ्या धमनीला शिवलेली असते. म्हणून बऱ्याचदा डाव्या जांघेतून जाणं बरं पडतं. तुमच्या पतींची किडनी कोणत्या बाजूला आहे, हे रेफर करणाऱ्या चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या.

तिसरी गोष्ट दात. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांच्या हिरड्या फुगतात, बीपीसाठीच्या अम्लोडिपिननंही फुगतात, आणि फुगलेल्या हिरडीखाली पू लपून राहतो. तिथले जंतू रक्तात शिरले की नव्या झडपेवर जाऊन बसतात. किडलेला दात काढायचा असेल तर तो ऑपरेशनआधी काढा. एका रुग्णाचे तीन दात काढण्यासाठी मी ऑपरेशन तीन आठवडे लांबवलं होतं. घरचे वैतागले होते, पण ती झडप आजही व्यवस्थित आहे. याच वेळी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी), छातीचा एक्स-रे आणि जुना क्षयरोग आहे का याची चौकशीही होऊन जावी. टीबी आपल्याकडे घरोघरी भेटतो आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यात तो डोकं वर काढतो. त्यावरचं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी जवळपास पुसून टाकतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीचाही परिणाम घटवतं. ही भानगड ऑपरेशननंतर निस्तरणं फार अवघड जातं.

गोळ्यांचंही आधीच बोलून ठेवायचं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस चालू असेल तर ती जखम भरू देत नाहीत. छातीचं मधलं हाड सांधलं जाईपर्यंत ती बदलून टॅक्रोलिमसवर आणावी लागतात, आणि हा बदल काही आठवडे आधी करायचा असतो. तुमच्याकडे हा प्रश्न नाही. पण प्रेडनिसोलोन आहे. इतकी वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यामुळे स्वतःच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि ऑपरेशनच्या ताणात त्या जाग्या होत नाहीत. मग आयसीयूत बीपी पडतं आणि कारण सापडत नाही. म्हणून भूल देतानाच हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा मूळ डोसवर येतात.

ऑपरेशनच्या दिवसाचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग आमच्यावर सोडायचा आहे. हार्ट-लंग मशीनवर असताना शरीरात रक्त एकसारखं वाहतं, नाडीसारखी उसळी नसते. बसवलेली किडनी एकटी असते आणि टॅक्रोलिमसमुळे तिच्या आतल्या बारीक धमन्या आधीच आवळलेल्या असतात. म्हणून या रुग्णांत मशीनवरचा सरासरी दाब आम्ही नेहमीपेक्षा वर, ७० ते ८० च्या घरात ठेवतो. रक्त फार पातळ होऊ देत नाही आणि मशीनवरचा वेळ कमीत कमी ठेवतो. रक्त द्यायची वेळ आली तर पांढऱ्या पेशी गाळलेलंच द्यावं, म्हणजे किडनीविरुद्ध नव्या अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता कमी होते. ब्लड बँकेला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. माझं लक्ष मॉनिटरइतकंच टेबलाखाली टांगलेल्या लघवीच्या पिशवीवर असतं. थेंब चालू असले की हात निवांत चालतो.

खरी कसोटी त्यापुढे, दुसऱ्या ते दहाव्या दिवसांत. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी किडनी बसवलेल्या एका शाळामास्तरांची झडप मी बदलली. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले, जे अशा ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, म्हणून अमिओडारोन सुरू केलं. त्याच संध्याकाळी तोंडात पांढरी बुरशी दिसली, म्हणून ड्यूटीवरच्या डॉक्टरनं फ्लुकोनॅझोल लिहिलं. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर होती आणि दोन्ही टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. पातळी तपासायचं राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी किडनीच्या डॉक्टर राउंडला आल्या. मास्तर चहा पीत होते आणि कप बशीवर टकटक वाजत होता. त्यांनी मास्तरांना दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले. बोटं थरथरत होती. पातळी ६ च्या जागी २० च्या वर निघाली आणि क्रिएटिनिन १.४ वरून २.९ झालं होतं. टॅक्रोलिमसचे डोस थांबवले, फ्लुकोनॅझोल बंद करून तोंडात फिरवायचं औषध दिलं. आठ-दहा दिवसांत किडनी मूळ पदावर आली. ती थरथर मी त्याआधी दोन दिवस पाहिली होती आणि अशक्तपणा समजून पुढे गेलो होतो. तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये अशा रुग्णाच्या कागदावर कोणतंही नवं औषध लिहायचं झालं, तर आधी किडनीच्या डॉक्टरांना फोन जातो, रात्री दोन वाजले तरी. टॅक्रोची लेव्हल सुरुवातीला एक दिवसाआड होते, आणि रक्त सकाळचा डोस देण्याआधी काढलं जातं. डोस दिल्यावर काढलेल्या रक्तातला आकडा फसवतो.

म्हणून ताई, हॉस्पिटल निवडताना सर्जनचं नाव विचारा, पण त्याआधी विचारा की किडनीचे डॉक्टर रोज रुग्णाला बघायला येतात का आणि टॅक्रोलिमसची लेव्हल त्याच दिवशी हातात मिळते का. जिथे रिपोर्ट तीन दिवसांनी बाहेरून येतो, तिथे हे ऑपरेशन करू नका, सर्जन कितीही चांगला असला तरी.

आता झडप कोणती. धातूची की प्राण्याच्या ऊतींची?

धातूची झडप टिकाऊ. स्टार-एडवर्ड्‌सची पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप १९६० मध्ये आली. आज दोन अर्धवर्तुळाकार पानांच्या झडपा जास्त वापरतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली तिरप्या चकतीची झडपही १९९० पासून आपल्याकडे बसवली जाते आणि परवडणाऱ्या किमतीमुळे अनेक गरीब घरांचा आधार झाली. पण धातूची झडप म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. आपल्याकडे बहुधा असिट्रॉम किंवा वॉर्फरिन. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीचा आकडा, २ ते ३ मध्ये धरून ठेवायचं, आणि तेही अशा माणसात ज्याच्या औषधांची यादी दर दोन महिन्यांनी हलते. अझाथायोप्रिननं या गोळीचा असर कमी होतो. को-ट्रायमोक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल, अमिओडारोन यांनी तो वाढतो. उद्या किडनीची बायोप्सी करायची वेळ आली तर गोळी थांबवून हेपारिनच्या इंजेक्शनवर आणायचं, मग परत गोळी सुरू करायची. आयएनआर न तपासता घ्यायच्या नव्या गोळ्या, म्हणजे डॅबिगॅट्रान, अपिक्साबान वगैरे, धातूच्या झडपेला चालत नाहीत. २०१३ आणि २०२२ मधल्या चाचण्यांनी ते दाखवून दिलं आहे. औषधाच्या दुकानातून कुणी "ही चांगली गोळी आहे" म्हणून बदलून दिली, तर झडपेवर गाठ धरू शकते.

ऊतींच्या झडपेला जन्मभर ती गोळी लागत नाही. पहिले तीन-सहा महिने कधी लागते, नंतर बहुधा अ‍ॅस्पिरिन पुरतं. उणीव ही, की ती झिजते. साधारण दहा ते पंधरा वर्षं धरा. तरुणात आणि किडनीच्या आजारात ती लवकर कडक होते. म्हणूनच १९९८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना डायलिसिसवरच्या रुग्णांना धातूचीच झडप सुचवत होत्या. पुढे अनुभव आला की अशा रुग्णांत झडप झिजण्याचा प्रश्न येण्याआधीच रक्तस्राव आणि पक्षाघात गाठतात, आणि २००६ च्या सूचनांतून ती शिफारस काढून टाकली गेली. किडनी नीट चालणारा माणूस डायलिसिसवरच्या माणसापेक्षा जास्त जगतो, हीही बाजू आहे. त्यामुळे ५४ व्या वर्षी दोन्हीकडचे मुद्दे खरे आहेत आणि यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

माझा कल विचाराल तर तुमच्या पतींना मी ऊतींची झडप बसवेन, आणि ती शक्य तितकी मोठी. कडं लहान असेल तर महाधमनीचं मूळ पॅच लावून रुंद करून. म्हणजे बारा-पंधरा वर्षांनी ती झिजली तर छाती पुन्हा न उघडता तिच्याच आत जांघेतून दुसरी झडप बसवायला जागा राहते. महिन्या-महिन्याला आयएनआर करणं, त्यासाठी गावातून तालुक्याला जाणं, पावसाळ्यात एसटी चुकली की तपासणी चुकणं, हे मी सर्जन म्हणून नाही, तर त्या गावांतले रुग्ण बघणारा माणूस म्हणून धरतो. पण समोर पस्तिशीचा, शहरात राहणारा, आयएनआर नेमानं करणारा माणूस असेल तर मी धातूच्या झडपेकडेही वळेन. आणि किडनी बसवलेली तरुण मुलगी असेल, जिला मूल हवं आहे, तर पुन्हा ऊतींची. वॉर्फरिन पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय करतं. मायकोफिनोलेटही करतं, म्हणून दिवस राहण्याआधी निदान सहा आठवडे ते थांबवून अझाथायोप्रिनवर यावं लागतं. या मुलीचा निर्णय हृदयाचे, किडनीचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर एका टेबलाशी बसूनच घ्यावा.

एक गोष्ट मोकळेपणी सांगतो. ऊतींच्या झडपा गायी-बैलाच्या हृदयावरणाच्या किंवा डुकराच्या झडपेच्या असतात. काही घरांना हे चालत नाही. ऑपरेशननंतर कळलं तर मनाला फार लागतं. मी प्रत्येक घराला आधीच सांगतो आणि जे ते ठरवतील ते मान्य करतो. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर विचारा.

जांघेतून बसवायच्या झडपेबद्दल, म्हणजे टावीबद्दल. फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली. सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढे ती मोठं वरदान ठरली आहे. आता अशा झडपा भारतातही बनतात. किडनीच्या दृष्टीनं तिचा फायदा स्पष्ट आहे: हार्ट-लंग मशीन नाही, छाती उघडायची नाही, किडनीला कमी झळ. पण ५४ व्या वर्षी पहिली झडप म्हणून मी ती सहसा सुचवत नाही. पुढे दुसरी, कदाचित तिसरी झडप लागणार, आणि टावीच्या चौकटीवर पुन्हा ऑपरेशन करणं अवघड असतं. दोन पाकळ्यांची झडप असेल तर ती नीट बसेलच असं नाही. आधी सीटीसाठी कॉन्ट्रास्ट द्यावंच लागतं. आणि जाड नळी ज्या मोठ्या धमनीतून वर जाते तिलाच तुमची किडनी जोडलेली आहे, म्हणून जायचं ते दुसऱ्या बाजूनं, तिकडच्या धमन्यांत चुना कमी असेल तर. मात्र हृदय फार थकलेलं असेल, फुप्फुसं कमजोर असतील किंवा महाधमनी चुन्यानं इतकी कडक असेल की तिला क्लॅम्प लावणं धोक्याचं, तर वय बाजूला ठेवून मी स्वतः टावीचा सल्ला देतो.

काही वाचक हृदय बसवलेल्यांबद्दलही विचारतात. तिथे बिघडते ती बहुधा उजवीकडची ट्रायकस्पिड झडप. शरीर नवं हृदय नाकारतं आहे का हे बघण्यासाठी मानेच्या शिरेतून चिमटा घालून वारंवार बायोप्सी घेतात, आणि तो चिमटा कधी झडपेच्या दोऱ्या तोडतो. तिथे झडप बदलायची वेळ आली तर ऊतींचीच बरी, कारण धातूच्या झडपेतून पुढच्या बायोप्सीचा चिमटा नेता येत नाही. या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे धमनी अडकली तरी छातीत दुखेलच असं नाही. दम लागणं हीच खूण मानायची. यकृत बसवलेल्यांना औषधांबद्दल वर लिहिलेलं जवळपास सगळं लागू आहे.

घरी गेल्यावर काय? सगळ्यात मोठा धोका दुखण्यावरच्या गोळीचा. छातीचं हाड दीड-दोन महिने ठणकतं, माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, आणि तिथे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळतं. एका किडनीवर, टॅक्रोलिमसच्या जोडीला, ते विषासारखं काम करू शकतं. पॅरासिटामॉल घ्या. त्यानं नाही भागलं तर आम्हाला फोन करा. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं तर टॅक्रोलिमस भडकतं, हेही त्या डॉक्टरांना सांगा. त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांच्यापुढे पूर्ण यादी नसते. म्हणून यादी प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवा. टॅक्रोलिमसची कंपनी दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नका. बदलावीच लागली तर लेव्हल करून घ्या. पपनस खाऊ नका. प्रतिकारशक्ती वाढवणारा म्हणून कुणी काढा दिला तर नको म्हणा. तुमच्या पतींची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवली आहे. गुळवेलीच्या काढ्यानं यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात नोंदवलंही आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तेव्हा पालक, मेथी, अळू बंद करायची गरज नाही. फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नका.

तापाचं नीट ऐका. नव्या झडपेवर जंतू बसले तर एरवी सणसणून ताप येतो. प्रेडनिसोलोन आणि मायकोफिनोलेट घेणाऱ्याला नुसती कणकण येते, जेवण जात नाही, वजन उतरतं. तीन दिवस कणकण राहिली तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी रक्ताची कल्चर द्या, वेगवेगळ्या वेळी काढलेली तीन. गोळी आधी गेली तर जंतू सापडत नाही आणि मग अंदाजानं जी औषधं द्यावी लागतात, त्यातलं जेंटामायसिन किडनीला सोसत नाही. दाताचं काम करायचं असेल तर तासभर आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर.

पैशांचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. झडप बदलण्याचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. मात्र योजनेत असलेल्या ज्या हॉस्पिटलात किडनीचा विभाग चालू आहे, तिथेच जा, नुसत्या हृदयाच्या हॉस्पिटलात नको.

या आठवड्यात एवढं करा. किडनीच्या डॉक्टरांकडे जाऊन गेल्या दोन वर्षांची सगळी क्रिएटिनिन तारखांसह एका कागदावर उतरवून घ्या. नुसतं १.६ मला फारसं सांगत नाही. १.३ वरून १.६ ला आलंय की चार वर्षं १.६ वरच आहे, यावर निर्णय हलतो. त्यासोबत शेवटच्या तीन टॅक्रो लेव्हल, लघवीतल्या प्रथिनांचा रिपोर्ट आणि किडनी बसवतानाच्या ऑपरेशनचा कागद जोडा. त्यात धमनी कुठे शिवली ते लिहिलेलं असतं. दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. अँजिओग्राफीची तारीख किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तोवर पतींना जड उचलू देऊ नका आणि अंधारी आली तर जागीच बसायला सांगा.

आणि ताई, तुमच्याकडेही एकच किडनी आहे. पुढचे दोन महिने तुम्ही त्यांच्या उशाशी जागणार, पाठ दुखली की तीच डायक्लोफेनॅकची गोळी तुमच्याही हाताशी असणार. ती घेऊ नका. त्यांचं रक्त तपासायला द्यायला जाल त्या दिवशी स्वतःचं क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीची तपासणीही करून घ्या, आणि तो कागद त्यांच्याच फाइलमध्ये लावा.